घाईची अक्षरं

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथं कुठं ऐकत बसला असाल तिथं.

आज बोलायचंय ते कुठंच नसलेल्या लिपीबद्दल. आपल्या मनानं रचलेली वर्णमाला, एखाद्या काल्पनिक राज्याची, आणि तिची लहान अक्षरं हातानं लिहिण्याजोगी कशी घडवायची, याबद्दल. इंग्रजीची पहिली, दुसरी, तिसरी, चौथी लिपी तुम्ही शाळेत गिरवलीच असेल. चार रेघांची वहीही घराघरांत असते. नागरीत मोठं अक्षर, लहान अक्षर असा प्रकार नाही, कन्नडमध्येही नाही. त्यामुळं हा प्रश्न आपल्याला फक्त इंग्रजीच्या तासाला भेटतो.

पण ती दुसरी लिपी, म्हणजे इंग्रजीची छापील लहान अक्षरं, कुणी पट्टी घेऊन आखलेली नाही. रोमन लोकांची मोठी अक्षरं दगडात छिन्नीनं कोरलेली. पुढं चर्मपत्रावर लेखणी धावू लागली, तसे कोपरे गोल झाले, काही रेघा गळल्या, काही वर-खाली लांबल्या. इ.स. 800 च्या सुमाराला युरोपात शार्लमेन राजाच्या अमलात त्यातलं एक सुबक वळण मठामठांतून रुजलं. आजची लहान अक्षरं त्याच वळणाची. आपल्याकडं सावकाश काढायची बाळबोध आणि घाईत लिहायची मोडी होतीच की. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग होईल तितका हात न उचलता लिहीत सुटायचं. म्हणजे लहान अक्षर काढायचं नसतं, घाईत लिहून मिळवायचं असतं. पुन्हा सांगतो, काढायचं नाही, घाईत लिहून मिळवायचं.

यावर आमच्या घरातली एक गोष्ट आहे. मोबाइल घरात यायच्या आधीची. माझी भाची आणि शेजारची तिची कन्नड मैत्रीण, दोघींनी उन्हाळ्याच्या सुट्टीत एक राज्य काढलं आणि त्याची लिपी. वाद आधी आवाजांवरून. ळ दोघींना हवाच होता. मैत्रीण म्हणाली, ए दोन पाहिजेत, एक आखूड, एक लांब, कारण कन्नडमध्ये तसे आहेत. भाची म्हणाली, मग चमच्यातला च वेगळा पाहिजे. झाली तडजोड. मोठी अक्षरं म्हणजे चित्रंच होती. एक किल्ल्याचा दरवाजा, एक गुळाची काईल, एक विळा, एक साखर कारखान्याची चिमणी. सगळं कंपासपेटी घेऊन आखलेलं. दोन ओळींच्या चिठ्ठीला दुपार जायची. मग त्यांनी तीच चित्रं बारीक काढली आणि म्हणाल्या, ही आमची लहान अक्षरं. ती काढायला आणखी वेळ.

आमचे अण्णा, म्हणजे भाचीचे आजोबा, निपाणीला तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. रोजकीर्द, खतावणी सगळी मोडीत. त्यांनी वही बघितली आणि म्हणाले, "हे अक्षर न्हवं, रांगोळी हाय. असं लिवत बसलो असतो तर मालकानं दुसऱ्या दिवशी घालवला असता." आणि दोघींना समोर बसवून वाण्याची यादी सांगायला लागले. गूळ, शेंगदाणे, मीठ, पीठ, मिरची, परत गूळ, परत पीठ. थांबायचं नाव नाही. मैत्रीण ओरडली, "अज्जा, सावकाश!" अण्णा आणखी जोरात. भाची रडकुंडीला येऊन म्हणाली, "मी सगळं लिहिलो, पण मलाच वाचाय येईना!"

अण्णा म्हणाले, "आत्ता झालं काम."

मग त्या पानावर एकेक अक्षर पुन्हापुन्हा कसं आलंय ते शोधलं. दरवाजाचा एक खांब गेला होता. काईल वरून उघडी पडली होती. विळ्याला शेपूट येऊन ती पुढच्या अक्षराला चिकटली होती. जे रूप सारखं सारखं आलं, त्याला गोल केला. लहान अक्षरं तयार.

दोनच दिवसांत मैत्रिणीची चिठ्ठी आली, पतंगाच्या खळीला पीठ आण. भाची खडेमीठ घेऊन गेली. त्या घाईत म आणि प दोन्हींची एकच आकडी झाली होती! अण्णा इतके हसले की ठसका लागला. मग त्यांनीच तोड सांगितली: एकाचा दांडा वरच्या रेघेला भिडव, दुसऱ्याची शेपूट खालच्या रेघेपर्यंत सोड. चार रेघांच्या वहीतल्या वरच्या आणि खालच्या रेघेचं काम हेच. अमेरिकेत युटामध्ये 1850 च्या दशकात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी इंग्रजी लिहायला डेझरेट नावाची नवी वर्णमाला केली. तिच्यातली लहान अक्षरं म्हणजे मोठीच, फक्त आकारानं बारीक. वर दांडा नाही, खाली शेपूट नाही. सगळे शब्द सारख्याच उंचीचे, डोळ्याला धरायला काही नाही. ती लिपी टिकली नाही. कारणं इतरही होती, पण हे एक होतं.

तर दुसरा मुद्दा. आधी घाई, मग जुळी अक्षरं वेगळी करणं. आधी घाई, मग वेगळी करणं. इंग्रजीतले बी आणि डी आपण लहानपणी उलटसुलट केलेच आहेत, ते जुळं आपल्या लिपीत मुद्दाम कशाला घालायचं?

लिहायला शाईचं पेन घ्या. बॉलपेन दाबावं लागतं आणि हाताचं वळण मरतं. सुंदर हस्ताक्षराच्या स्पर्धेत वेगाकडं सहसा कुणी बघत नाही, हाही माझा जुना राग आहे. सावकाश कुणीही सुंदर लिहील हो!

राहिला प्रश्न, मग मोठी अक्षरं कुठं वापरायची. ते तुमच्या राज्याचे नियम, तुम्ही ठरवा. आमच्या मुलींनी ठरवलं होतं: राजाचं नाव, गावाचं नाव, आणि भांडण झालं की एकमेकींचं नाव. ते मात्र कंपासपेटी घेऊन, सगळी दुपार घालवून.

नमस्कार.