सहाव्या दिवसाचा फोन

(पहाटेचे पाच. लातूर. खानावळीचा ओटा, गॅसवर दोन तवे.)

क्लाससाठी लातूरला आलेल्या पोरांचे डबे वेळेवर निघायचे तर पोळ्या पहाटेच लाटायला घ्याव्या लागतात. या मावशी कित्येक वर्षं याच ओट्यापुढं उभ्या आहेत. बसून लाटा म्हटलं तर म्हणतात, "बसून दोनशे पोळ्या होत नाहीत ओ."

त्यांच्या डाव्या पायाकडं बघा. मांडीच्या आतून एक शीर दोरखंडासारखी वर आलेली. पोटरीवर निळं जाळं, घोट्याजवळची कातडी काळपट. दिवस मावळला की पाय भरून येतो, ठणकतो. रात्री गोळे येतात.

पायातलं रक्त पोटरीच्या दाबानं वर चढतं. ते परत खाली घसरू नये म्हणून शिरेत झडपा असतात. झडपा निकामी झाल्या की रक्त साचतं, शीर फुगते. यालाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. मोंढ्यातले हमाल, बसमधले कंडक्टर, दिवसभर खुर्चीमागं उभे असलेले सलूनवाले, अशा उभ्यानं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हा ठणका त्यांच्या ओळखीचा असतो.

मावशींनी तीन वर्षं दुखणं अंगावर काढलं, कारण शेजारणीचं ऑपरेशन त्यांनी जवळून पाहिलं होतं. पाठीत सुई, जांघेत चीर, शीर ओढून काढलेली, आणि नंतर किती दिवस खाटेवर. आता बहुतेकांना त्याची गरज पडत नाही. लेझरनं किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेनं शीर आतूनच बंद करतात, आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. पण हे मावशींना कुणी बसून सांगितलंच नव्हतं. पाय दुखत राहिला तो या न सांगण्यापायी, असं मला वाटतं.

(दवाखाना. मावशी टेबलावर. सिस्टर उशाशी.)

"दुखंल का ओ लई?"

"मावशी, सुया टोचतील तेवढ्या लागतील. प्रत्येक सुईआधी मी सांगते."

सोनोग्राफीच्या पडद्यावर शीर काळ्या गोलासारखी दिसते. गुडघ्याजवळ थोडी जागा बधिर करून एक बारीक तार शिरेतून जांघेपर्यंत सरकवली जाते. ते फारसं जाणवत नाही. जाणवतं ते त्यानंतरचं. मांडीवर ठिकठिकाणी सुई टोचून शिरेभोवती भुलीचं पाणी भरतात. सलाईनमध्ये लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, खूप पातळ केलेलं असतं. जोडीला अ‍ॅड्रेनॅलिन असतं, त्यानं भूल जास्त वेळ टिकते. लिग्नोकेनचं द्रावण आम्लधर्मी असतं, म्हणून आत जाताना चुरचुरतं. ती चुरचुर कमी करायला त्यात सोडियम बायकार्बोनेट घालतात. मावशींच्या ओट्यावरच्या डब्यातला खायचा सोडा, तोच हा पदार्थ. औषधाचा तेवढा शुद्ध, मोजून घातलेला.

हे पाणी तीन कामं करतं. जागा बधिर होते, शीर दाबली जाऊन तारेला चिकटते, आणि आतली उष्णता भोवतालच्या मांसापर्यंत, मज्जातंतूंपर्यंत पोचत नाही. १९८७ मध्ये अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी ही भूल चरबी काढण्यासाठी मांडली होती. रेडिओलहरींची तार आत १२० अंशांपर्यंत तापते, तरी रुग्णाला चटका बसत नाही, तो या पाण्यामुळं.

"मावशी, आता एक टोचेल. हं... झालं. पोळीला तेल आतून लावता का वरून?"

मावशी सांगू लागतात. त्यांच्या मुठीत सिस्टरनं मऊ रबरी चेंडू दिला आहे. सुई टोचली की मूठ आवळते, मग सैल होते. मूठ सैल झाल्याशिवाय डॉक्टर पुढची सुई घेत नाहीत.

हा नुसता जिव्हाळा आहे असं समजू नका. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठानं याच उपचाराच्या ३९८ रुग्णांवर अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सिस्टर बोलत राहिली किंवा हातात चेंडू दिला, तर भीतीही कमी झाली आणि दुखणंही. नुसत्या संगीताचा उपयोग झाला नाही. चेंडूला कितीसे पैसे लागतात? बोलायला तर काहीच लागत नाही.

(घर. पायात घट्ट मोजा.)

मावशी टेबलावरून उतरल्या त्या चालतच. चालणं हा उपचाराचाच भाग आहे. पण घरी पाठवताना एक गोष्ट सांगायची हमखास राहून जाते. लेझरनंतर पहिले दोन-तीन दिवस बरे जातात, आणि आठवडा भरत आला की मांडीत ओढ लागते. बंद झालेली शीर सुजून आक्रसत असते. हात लावला तर दोरीसारखी लागते. माणूस घाबरतो, तेल लावून चोळतो, मेडिकलमधून मिळेल ती गोळी आणतो. चोळू नका. गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेलीच घ्या. मूत्रपिंडाचा त्रास, पोटात अल्सर किंवा रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर ते आधी सांगा, कारण काही वेदनाशामक गोळ्या तिथं घात करतात. मोजा सांगितले तितके दिवस घालाच. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तो नकोसा होतो हे खरं, म्हणून तब्येतीला घाई नसेल तर थंडीतली तारीख मागून घ्या.

मात्र पोटरी एकाएकी सुजून टणक झाली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर फोनवर वेळ घालवू नका. थेट दवाखाना गाठा.

सहाव्या दिवशी मावशींनी सिस्टरला फोन लावला.

"ताई, मांडीत ओढतंय बघा. तुम्ही म्हणला होता तसंच."

"पोटरी सुजली का? दम लागतो का?"

"नाही नाही. नुसतं ओढतंय."

"मग चाला थोडं. मोजा आहे ना पायात?"

"आहे की. अन् ओट्याजवळ स्टूल बी ठिवलंय. कणीक बसून मळते आता. लाटायला तेवढी उभी राहते."