शिवडीहून खडकीला

(दृश्य: सकाळ. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीचं फाटक.)

मुंबईच्या जुन्या बोलीत ‘सोनापूरला गेला’ म्हणजे वारला. मरीन लाइन्सजवळच्या त्या सोनापुरात गोऱ्यांचीही दफनभूमी होती. पुढे १८६०च्या दशकात मुंबईचा महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड याने दफनासाठी शिवडीची ही जागा घेतली. त्याआधी इथे बाग होती.

बोरीबंदरचं स्टेशन आणि त्यासमोरची महापालिकेची इमारत आखणारा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स इथे आहे. तो १९०० साली गेला. त्याच्या घुमटाखालून रोज लाखो माणसं लोकल पकडायला धावतात. गेटवे ऑफ इंडियाचा जॉर्ज विटेटही इथलाच. गेटवे १९२४ला खुला झाला आणि दोनच वर्षांत विटेट गेला.

आणि इथेच आहेत काका बॅप्टिस्टा. माझगावचे जोसेफ बॅप्टिस्टा, लोकमान्यांचे जिवाभावाचे सहकारी. १९१६ साली स्वराज्य मागणाऱ्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, पुढे मुंबईचे महापौर. टिळकांना नमस्कार करायला गिरगाव चौपाटीवर सहज जाता येतं. काकांसाठी वाट थोडी वाकडी करावी लागते. ती जरूर करावी.

(दृश्य: गवतातून जाणारी पायवाट.)

याच मातीत पहिल्या महायुद्धातले सैनिकही होते. आता ते इथे नाहीत. १९६२ साली शिवडीतल्या ६२९ जणांचे अवशेष पुण्याला नेले. त्यांच्या मागोमाग आपणही घाट चढू.

(दृश्य: खडकी. हिरवळीवर दगडांच्या रांगा.)

खडकीचं युद्ध-दफनस्थान. इथे दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ सैनिक आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या ज्या कबरींची कायमची निगा राखणं अवघड होतं, त्या इथे एकत्र आणल्या. शेजारच्या स्मारकावर पहिल्या महायुद्धातली अठराशेहून जास्त नावं आहेत. शिवडीचे ६२९ त्यांतच.

जरा थांबून दगड वाचा. नाव, हुद्दा, पलटण, तारीख, वय. काहींवर खाली घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ. अधिकारी असो वा साधा शिपाई, दगड एकाच मापाचा. कबरींची देखभाल करणाऱ्या आयोगाने १९१७पासून पाळलेला हा नियम. विशी-बाविशीची वयं वाचत दोन रांगा गेलो, की तिसरीकडे पाय उचलत नाही.

पण हा नियम सगळीकडे पाळला गेला नाही, आणि ते इथेच सांगायला हवं. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. तिथल्या कुत गावाला तुर्की फौजेने वेढा घातला, त्यात अडकलेल्यांत आपली माणसं होती. २९ एप्रिल १९१६ला वेढ्यातल्या ब्रिटिश-भारतीय फौजेने शरणागती पत्करली. त्या मोहिमेत पडलेल्यांसाठी बसऱ्यात स्मारक उभं राहिलं, १९२९ साली. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणीगणिक नुसती संख्या. चाळीस हजारांहून अधिक माणसांचं ते स्मारक. त्यात कुणा आईचा गणू, कुणाचा रामजी कुठे शोधायचा? या भेदभावाबद्दल आयोगाने माफी मागितली ती २०२१ साली.

खडकीत रोज गवत कापलं जातं, पुसट झालेली अक्षरं पुन्हा उठवली जातात, याचा मला मनापासून आनंद आहे. तीच निगा त्या कोकणातल्या आणि देशावरच्या पोरांच्या वाट्याला यायला हवी होती.

(दृश्य: सातारा जिल्हा. गावाचा रस्ता.)

म्हणून प्रवास खडकीत संपवला नाही. साताऱ्याजवळ अपशिंगे गाव आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण गेले. इथे त्यांचं स्मारक आहे. घरोघरी आजही कुणी ना कुणी फौजेत असतं. लोक या गावाला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात.

(दृश्य: स्मारकासमोर बूट काढून उभे असलेले एक निवृत्त जवान. आवाज नाही.)