ऐकणारा समोर हवा

(एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या वर्धापनदिनी दिलेलं व्याख्यान, संपादित स्वरूपात.)

नमस्कार. वाचनालयाच्या कार्यवाहांनी मला आधीच बजावून ठेवलं होतं की आज कॉलेजातली मुलं बरीच येणार आहेत आणि त्यांचा प्रश्न सरळ आहे : लिहायचं असेल तर काय वाचावं? प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तरही सरळ देते. ज्यांनी स्वतःला कधी लेखक म्हणवलं नाही, अशा माणसांची पुस्तकं आधी वाचा. कादंबरीकार, कथाकार, कवी नंतर. मराठी गद्य कशानं उभं राहतं हे मला या माणसांनी शिकवलं. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि ते कुणाला सांगायचंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एवढ्या भांडवलावर त्यांनी जे लिहिलं त्याची सर भल्याभल्यांना येत नाही.

पहिलं नाव विष्णुभट गोडसे यांचं. पुस्तक ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. घरावर कर्ज झालेलं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, अशी बातमी कोकणात पोचली आणि विष्णुभट काकांना बरोबर घेऊन उत्तरेला निघाले. साल 1857. महूपाशी पोचतात तोवर बंडाची कुणकुण कानावर आली. पुढं झाशीला वेढा पडला तेव्हा हे शहरातच होते. इंग्रजांची फौज आत शिरल्यावर झालेली कत्तल आणि लूट त्यांनी पाहिली. जे काही मिळवलं होतं ते वाटेत लुटलं गेलं. शेवटी आईवडिलांना स्नान घालायला गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी परतले.

त्यातला एक प्रसंग जरा थांबून सांगते. झाशी पडल्यानंतरची गोष्ट आहे. काळपीच्या वाटेवर भटजी एका विहिरीपाशी आहेत. तिथं राणी येते, धुळीनं माखलेली, तहानेनं व्याकूळ. भटजी पाणी काढून द्यायला पुढं होतात. ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढून घेते. मातीच्या मडक्यातलं पाणी ती ओंजळीनं पिते. आणि मग स्वतःविषयी बोलते, की मी अर्धा शेर तांदळाची धनीण, मला या उद्योगाची काही जरूर नव्हती.

आता बघा, भटजींनी इथं काय केलंय. शौर्याबद्दल एक शब्द नाही. विहीर आहे, मडकं आहे, ओंजळ आहे आणि पाणी कुणी काढायचं हा त्या काळच्या रीतीचा प्रश्न आहे. राज्य गेलेलं असताना, जीव धोक्यात असताना ती बाई हा प्रश्न सोडत नाही. आणि ‘अर्धा शेर तांदूळ’! विधवेच्या पोटाला किती लागतं याचा हिशोब कोकणातल्या कुठल्याही घरात कळला असता. भटजी हे सगळं घरच्या माणसांना सांगावं तसं सांगतात. घरची माणसं काय विचारतात? कुठं उतरलात, काय खाल्लंत, ती दिसायला कशी होती, काय बोलली. भटजींच्या वाक्यावाक्यात या न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आहेत. म्हणून झाशीवर शेकडो पानं लिहिली गेली तरी त्या विहिरीपाशी आपण पुन्हा पुन्हा जातो.

या पुस्तकाच्या बाबतीत एक गोष्ट लिहिणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. भटजींनी ही हकिकत 1883 च्या सुमारास लिहिली, ती इतिहासकार चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहामुळं. वैद्यांनी ती छापली 1907 साली. छापताना त्यांनी भाषा सफाईदार केली, मजकूर इकडचा तिकडं केला, काही गाळला. इंग्रजी राज्य होतं, त्यांची अडचण समजण्यासारखी आहे, आणि वैद्य नसते तर हे लिहिलंच गेलं नसतं हेही तितकंच खरं. पण भटजींच्या मूळ बखरीवरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये जी आवृत्ती काढली, ती वाचल्यावर कळतं की सफाईत काय काय हरवतं. लांबलचक वाक्यं, मध्येच आठवलेली गोष्ट, पुन्हा मूळ वाटेवर येणं, हा माणसाच्या बोलण्याचा श्वास आहे. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवा आणि एकेक पान ताडून बघा. संपादन म्हणजे काय याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

दुसरं पुस्तक ‘लीळाचरित्र’. घाबरू नका. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यामुळं त्याची धास्ती बसते, पण हे मराठीतलं आपल्याला ठाऊक असलेलं पहिलं मोठं गद्य आहे, इसवी सन 1278 च्या आसपासचं, आणि ते बोलण्यातून आलेलं आहे. म्हाइंभट हा संस्कृत पंडित. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर त्यांच्या आठवणी विसरल्या जातील या काळजीनं तो ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं त्यांच्याकडं गावोगाव फिरला आणि विचारत गेला. मग ऋद्धिपुरात स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून त्या लीळा, म्हणजे आठवणीतले प्रसंग, तपासून घेतले. स्वामी कुठं बसले, काय जेवले, कोण काय बोललं, त्यावर दुसरं कोण हसलं, सगळं आहे. एखादी गोष्ट दोघांनी दोन तऱ्हेनं सांगितली असेल, तर त्या पंथात दोन्ही पाठ सांगणाऱ्याच्या नावानिशी जपले गेले. सातशे वर्षांपूर्वी आपल्या भाषेत ही शिस्त होती. मुलाखती घेणाऱ्या, स्थानिक इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे पुस्तक उशाशी ठेवावं असं मला मनापासून वाटतं. सुरुवातीला जुनी मराठी अडेल. चार-पाच लीळा मोठ्यानं वाचल्या की कान रुळतो.

तिसरं तर पुस्तकही नाही, निबंध आहे. मुक्ता साळवे ही जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. 1855 साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. इथं बसलेल्या मुलींपेक्षा ती वयानं लहान होती. ती देवाला हाक मारते आणि विचारते, आमचा धर्म कोणता ते सांग. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसतं, थंडी-वारा-पावसात त्यांचे काय हाल होत असतील याचा स्वतःच्या अनुभवावरून विचार करा, असं ती वाचणाऱ्याला सांगते. ‘अन्याय’ हा शब्द कितीही मोठ्यानं उच्चारला तरी त्या नसलेल्या छपराची जागा तो घेऊ शकत नाही. एका बैठकीत वाचून होणारा हा मजकूर मी दरवर्षी वाचते.

आणि ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मकथन 1934 ते 1936 या काळात चार भागांत आलं. शाळा अशी त्या शिकल्या नाहीत, अक्षरओळख झाली ती नवऱ्याकडून. नवरा म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक : कवी, हळवा, तापट, हातात आलेले पैसे कुणालाही देऊन मोकळा होणारा आणि न सांगता घरातून निघून जाणारा. 1895 मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पाचेक वर्षांनी, 1900 मध्ये, त्या स्वतः विचार करून त्या वाटेनं गेल्या. यातल्या कुठल्याही एका प्रसंगावर रडकं किंवा भडक पुस्तक झालं असतं. बाईंनी तसं होऊ दिलं नाही. त्या सोवळ्याचा अतिरेक करणाऱ्या वडिलांबद्दल लिहितात आणि आपल्याला हसू येतं, पण त्या माणसाच्या मनातली भीतीही दिसते, कारण 57 च्या धामधुमीत घरातल्या माणसाला फाशी गेलेलं पाहून त्या वेडाला सुरुवात झालेली असते. नवऱ्यावर राग आहे, तो लपवत नाहीत. प्रेम आहे, त्याचंही प्रदर्शन मांडत नाहीत. दोन्ही एकाच परिच्छेदात नांदतात.

हे कसं जमलं यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, बाई स्वयंपाकघरात बसून लेकरा-सुनांना सांगावं तसं सांगतात. ऐकणाऱ्यांनी टिळकांना पाहिलेलं आहे. त्यांच्यासमोर टिळकांना देव करून चालणार नाही, राक्षस करूनही चालणार नाही, लगेच कुणीतरी म्हणेल, ‘आई, असं नव्हतं हं.’ ऐकणाऱ्याचा हा धाक लेखकाला खरं बोलायला लावतो.

कथा-कादंबऱ्या वाचूच नका असा याचा अर्थ नाही, मी स्वतः कादंबऱ्याच लिहिते. उद्धव शेळक्यांची ‘धग’ वाचा, 1960 ची. वऱ्हाडी बोलीत एक बाई, कौतिक तिचं नाव, संसार ओढत नेते आणि वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळत नाही. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ वाचा, 1939 ची, युरोपातून मुंबईकडं येणाऱ्या बोटीवरची. छोटी आहे, त्यामुळं कमी पानांत किती मावतं हे दिसतं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचलीच असेल, ती आता लिहिणाऱ्याच्या नजरेनं पुन्हा वाचा. भाषांतरांतलं एक सांगते, राम पटवर्धनांनी केलेलं ‘पाडस’. अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या जंगलाची गोष्ट मराठीत इतकी मुरलेली आहे की भाषांतर वाचतोय हे विसरायला होतं. पटवर्धन ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक होते, आणि दुसऱ्याच्या वाक्याकडं आयुष्यभर बारकाईनं पाहिलेल्या माणसाचा हात त्यात ओळखू येतो.

आता लेखकाच्या आयुष्याविषयी. मुलं विचारतात, लिहून पोट भरतं का? मराठीत बहुतेकांचं भरत नाही, आवृत्ती हजाराच्या आसपास निघते आणि ती संपायला वर्षं लागतात. हे आधीच माहीत असलेलं बरं. पण त्याची खंत करत बसावं असं मला वाटत नाही. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करायचे आणि कागदावर दापोलीकडचं गारंबी उभं करायचे. माडगूळकर पुणे आकाशवाणीत होते. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. त्यांच्या कवितेतली माणसं त्या कामांतूनच आली. नोकरी वेळ खाते हे खरं, पण ती माणसं आणून देते. मीही नोकरी सांभाळूनच लिहिलं, घर उठायच्या आधी, पहाटे. काउंटरच्या पलीकडून ऐकलेली बोलणी मी विकत घ्यायला गेले असते तर कुठल्या बाजारात मिळाली असती?

माझी काम करायची रीत विचारली गेली आहे म्हणून सांगते. खरडा झाला की मी तो माझ्या मावशीला वाचून दाखवते. ती चौथीपर्यंत शिकलेली. समोर मेथीची जुडी घेऊन बसते. मी वाचत असते, तिचे हात चालू असतात. मजकूर सैल पडला की निवडण्याचा वेग वाढतो. कधीतरी मेथीचं एखादं पान तिच्या बोटांत तसंच राहतं, तेव्हा मी समासात खूण करते. एकदा मी एका म्हाताऱ्या शेतकरणीच्या तोंडी मोठं बोलणं घातलं होतं. मावशी म्हणाली, ‘अगं, पोरगं गेलंय ना तिचं? मग ती एवढं बोलेल होय? ती शेणी मोजत बसेल.’ त्या पानावर आता ती बाई शेणी मोजते. एक ओळही बोलत नाही.

तुमच्याकडं अशी मावशी असेल किंवा नसेल. आजोबा असतील, मैत्रीण असेल, रूमवरचा मित्र असेल. लिहिलेलं त्यांना मोबाइलवर पाठवू नका. समोर बसवा आणि वाचून दाखवा. ‘छान आहे’ हे त्यांचं शेवटचं वाक्य सोडून द्या, वाचताना ते कुठं चुळबुळले ते बघा. दिवाळी अंकाकडं साहित्य पाठवण्याची घाई त्यानंतर. परत आलं तरी खचू नका. संपादकानं दोन ओळींचं कारण कळवलं असेल तर ती चिठ्ठी जपून ठेवा, कारण त्यानं ते शेवटपर्यंत वाचलेलं असतं.

एक विनंती वाचनालयाला. ‘माझा प्रवास’ची पोतदारांची प्रत आणि मुक्ता साळवेचा निबंध असलेलं पुस्तक संग्रहात असेल तर ते कपाटातून काढून महिनाभर बाहेरच्या टेबलावर ठेवा. आणि मुलांनो, निबंधापासून सुरुवात करा. इथं माइक आहे, वेळही आहे. तुमच्यापैकी कुणाला तो आत्ता वाचून दाखवायचा असेल तर माझ्याजवळ प्रत आहे. प्रश्नोत्तरं त्यानंतर घेऊ.