बुधवारचा कागद: ऑगस्टा, एप्रिल २०२५

(दृश्य: ऑगस्टा नॅशनलचा बारावा होल. अलीकडे टी (पहिला फटका मारायची जागा), मध्ये रेज क्रीकचं संथ पाणी, पलीकडे ग्रीनची, म्हणजे कपाभोवतीच्या गुळगुळीत गवताची, अरुंद पट्टी.)

क्रिकेटच्या सात खेळपट्ट्या एकापुढे एक मांडा. झाला हा होल. १५५ यार्ड. जगातला कुठलाही चांगला गोल्फर एवढं अंतर आठ किंवा नऊ नंबरच्या आयर्न स्टिकने सहज कापतो. पार, म्हणजे होल संपवायला ठरवलेले फटके, तीन आहे. म्हणजे एक फटका ग्रीनवर, दोन पट (ग्रीनवरून चेंडू कपात ढकलायचे हलके फटके), आणि चला पुढे. तरी आजवरच्या मास्टर्समध्ये, म्हणजे दर वर्षी याच मैदानावर होणाऱ्या मोठ्या स्पर्धेत, इथली सरासरी सव्वातीनच्या आसपास आहे.

हा पाव फटका कुठून येतो? बहुतेक या पाण्यातून.

२०१६ साली जॉर्डन स्पीथ शेवटच्या दिवशी पहिले नऊ होल संपवून पाच फटक्यांनी पुढे होता. इथे त्याने दोन चेंडू बुडवले आणि कार्डावर सात लिहिले. विजेत्याचा हिरवा कोट डॅनी विलेट घेऊन गेला. २०२० मध्ये टायगर वुड्सने याच होलवर दहा फटके घेतले. पाच वेळा मास्टर्स जिंकलेल्या माणसाने!

(दृश्य: त्याच होलचं वरून टिपलेलं चित्र. ग्रीन तिरकं पडलेलं दिसतं.)

वरून पाहिलं की भानगड कळते. हे ग्रीन तिरकं आहे. डावं टोक जवळ, उजवं टोक लांब. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका चुकून उजवीकडे गेला तर तो बहुधा आखूडही पडतो, आणि आखूड म्हणजे पाणी. डावीकडे ओढला गेला तर लांब जातो, म्हणजे मागचं वाळूचं बंकर नाहीतर झुडपं. डावखुऱ्याचं नेमकं उलट. त्याचा चुकलेला चेंडू ग्रीनच्या तिरकेपणाबरोबरच जातो. आता यादी बघा: २००३ माइक विअर, २००४, २००६ आणि २०१० फिल मिकेल्सन, २०१२ आणि २०१४ बबा वॉटसन. बारा वर्षांत सहा मास्टर्स डावखुऱ्यांनी नेल्या, आणि त्याआधी एकानेही जिंकली नव्हती. सगळं श्रेय बाराव्या होलला देणं भाबडेपणाचं होईल. पण स्पर्धेआधी कोण जिंकेल याचा अंदाज बांधायला कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्याने आधी मैदान वाचावं आणि मग माणसं, ते यासाठी.

तर बुधवार, ९ एप्रिल २०२५. उद्यापासून चार दिवस मास्टर्स. खेळाडू शंभराच्या आत. आपल्यापुढे एक कोरा कागद.

मैदानाचा रकाना आधी भरू. जॉर्जिया राज्यातल्या या जागेवर पूर्वी रोपवाटिका होती, म्हणून प्रत्येक होलला झाडाचं किंवा फुलाचं नाव. बॉबी जोन्स आणि अ‍ॅलिस्टर मॅकेंझी यांनी आखणी केली, पहिली स्पर्धा १९३४ ची. २०२५ मध्ये लांबी ७,५५५ यार्ड, पार ७२. टीव्हीवर सगळं सपाट गालिचासारखं दिसतं. प्रत्यक्षात दहावा होल टीपासून असा खाली उतरतो की घाटाची आठवण यावी. हाच आजवरच्या सरासरीत सगळ्यात अवघड, पार चार आणि सरासरी ४.३ च्या आसपास. उलट तेरावा आणि पंधरावा, दोन्ही पार पाच, पावणेपाचला जातात. हिशेब साधा आहे: दहा, अकरा, बारावर जेवढं गमवाल ते तेरा आणि पंधरावर वसूल करायचं. जो करू शकत नाही, त्याचं नाव कागदावरून खोडायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र जुने आकडे सांगत नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन चक्रीवादळ या भागातून गेलं आणि ऑगस्टाची कितीतरी झाडं पडली. जिथे वारा झाडांत अडतो, घुमतो, तिथे झाडं कमी झाली की जुन्या सरासरीवर थोडा जपूनच विश्वास ठेवायचा.

(दृश्य: ग्रीनवर आठ फुटांचा पट. चेंडू कपाच्या कडेवरून फिरतो.)

आता माणसं. पूर्वी गोल्फमध्ये पट मोजायचे. फेरीत अठ्ठावीस पट, वा, काय हात आहे! पण चेंडू दर वेळी कपाजवळच येऊन पडत असेल तर पट कमी लागणारच, त्यात हात कसला? कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी हा गुंता सोडवला. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ मालिकेच्या स्पर्धांत लेझरने प्रत्येक फटक्याची जागा नोंदली जाते, त्या ढिगातून त्यांनी सरासऱ्या काढल्या. आठ फुटांवरून टूरवरचा खेळाडू साधारण निम्म्या वेळा चेंडू आत घालतो. म्हणजे तिथून सरासरी दीड फटका. तुम्ही एकात घातलात, अर्धा कमावलात. दोन लागले, अर्धा घालवलात. याला म्हणतात ‘स्ट्रोक्स गेन्ड’. आपल्याकडे दीड, सव्वा, पावणे घरातच असल्यामुळे हे गणित मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही.

ब्रॉडींच्या आकडेमोडीतून निघालं ते पुष्कळांना रुचलं नाही. अव्वल खेळाडू इतरांच्या पुढे असतात त्यातला सुमारे ४० टक्के वाटा अप्रोचचा, म्हणजे ग्रीनकडे मारलेल्या फटक्यांचा. ड्राइव्हचा, म्हणजे टीवरून मारलेल्या लांब फटक्यांचा, २८. पटिंगचा फक्त १५! ऑगस्टाची ग्रीन्स काचेसारखी, तेव्हा इथे पटिंगच जिंकवतं, असं कॉमेंट्रीत सतत ऐकू येतं. माझं मत उलट आहे. ग्रीन इतकं घसरडं असेल तर चेंडू कुठल्या उतारावर येऊन थांबला याचं मोल वाढतं, आणि ते ठरतं अप्रोचवर.

गंमत अशी की मास्टर्स पीजीए टूर भरवत नाही. टूरची ती लेझरची यंत्रणा इथे नसते. त्यामुळे खेळाडूचे आकडे इतर मैदानांवरून आणायचे आणि या मैदानावर बसवायचे. उसन्या मापाने शिवलेला सदरा.

पहिलं नाव अर्थातच स्कॉटी शेफलर. २०२२ चा आणि २०२४ चा विजेता, जगात एक नंबर. २०२४ मध्ये अप्रोचच्या रकान्यात तोच सर्वांत वर. २०२३ मध्ये पटिंगमध्ये तो १६२ वा होता, तरीही एक नंबरसाठी झगडत होता; यापेक्षा ब्रॉडींना मोठा पुरावा कुठला? पण त्याच्या नावापुढे एक प्रश्नचिन्ह. डिसेंबरमध्ये, नाताळच्या दिवशी, हा गडी रॅव्हिओली करत होता. आपण करंजीची पारी वाटीने कापतो, तशी त्याने वाइनच्या ग्लासने कापायला घेतली. ग्लास फुटला, काच तळव्यात. शस्त्रक्रिया झाली, महिनाभर खेळ बंद. त्यानंतर मास्टर्सपर्यंत एकही विजय नाही. या काचेसाठी कुठल्या तक्त्यात रकाना करणार?

दुसरं नाव रोरी मॅकिलरॉय. वर्षाच्या सुरुवातीलाच दोन विजय, पेबल बीच आणि प्लेअर्स या स्पर्धांत. पण त्याच्या मागे २०११ आहे. तेव्हा तो २१ वर्षांचा. शेवटच्या दिवशी चार फटक्यांची आघाडी घेऊन उतरला, दहाव्या होलवर ड्राइव्ह डावीकडच्या कॉटेजेसमध्ये नेऊन घातला, सात फटके घेतले आणि दिवसाअखेर ८०. चार मेजरपैकी, म्हणजे गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी, ही एकच राहिलेली, २०१४ पासून अडलेली.

पहिल्यांदाच येणाऱ्यांवर मी कागदाची जागा घालवत नाही. १९७९ मध्ये फझी झेलर जिंकला, त्यानंतर कुणाही नवख्याने इथे जिंकलेलं नाही. या आकड्यामागे कारण आहे: इथे कुठे चुकायचं हे शिकायलाच दोन-चार वर्षं जातात. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ मध्ये पहिल्यांदा इथे उतरला आणि कट, म्हणजे दोन दिवसांनंतरची चाळणी, पार करून चारही दिवस खेळला. ती कमाई या पार्श्वभूमीवर मोजायची.

आणि काही आकड्यांमागे कारण नसतं. बुधवारी इथे लहान होलांची पार-थ्री स्पर्धा होते, १९६० पासून. ती जिंकणारा त्याच वर्षी मास्टर्स कधीच जिंकलेला नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. तरीही हा आकडा दर वर्षी चघळला जातो, आणि खरं सांगायचं तर मलाही आवडतो.

कागद झाला. वर शेफलर, खाली मॅकिलरॉय.

(दृश्य: गुरुवार. मॅकिलरॉय पंधराव्या ग्रीनजवळ, मान खाली.)

पहिल्याच दिवशी मॅकिलरॉयने पंधरा आणि सतरावर डबल बोगी केल्या, म्हणजे पारपेक्षा दोन-दोन फटके जास्त. ७२. जस्टिन रोझ ६५ वर, सात फटके पुढे. मग मॅकिलरॉयचे शुक्रवारी ६६, शनिवारी ६६.

मग रविवारची शेवटची फेरी. आपल्याकडे सोमवारची पहाट, आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून जागणाऱ्यांना तेवढी सवलत. पहिल्याच होलवर पुन्हा डबल बोगी. मग सावरला. तो कुप्रसिद्ध दहावा होल आला, आणि तिथे बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी. आघाडी चार फटक्यांची.

तेरावा होल. पाणी टाळायला त्याने दुसरा फटका मुद्दाम आखूड ठेवला. उरले ऐंशी-पंच्याऐंशी यार्ड, चेंडू फेअरवेवर, म्हणजे नीट कापलेल्या गवतावर, हातात वेज, जवळच्या फटक्याची स्टिक. इथून टूरची सरासरी पावणेतीन. मॅकिलरॉयने चेंडू ओढ्यात घातला आणि तिथून होल संपवायला पाच मोजले. सव्वादोनचा तोटा, तोही सगळ्यात सुरक्षित जागेवरून. चौदाव्यावर आणखी एक गेला. आघाडी संपली.

आणि पंधराव्यावर? दोनशेपेक्षा जास्त यार्ड, समोर झाडं, पुढे तळं. त्याने सात नंबरच्या आयर्नने झाडांना वळसा घालून चेंडू सहा फुटांवर आणून टाकला. सोप्या फटक्याला बुडाला, अवघड फटक्याला तरला. अठराव्यावर पाच फुटांचा पट, टूरवर चारात तीन वेळा जाणारा, हुकला. रोझशी बरोबरी. निकालासाठी जादा होल, म्हणजे प्लेऑफ. पुन्हा अठरावा, पुन्हा वेज, या वेळी कपापासून तीन-चार फुटांवर. बर्डी.

(दृश्य: मॅकिलरॉय गुडघ्यांवर, कपाळ ग्रीनला टेकलेलं. चित्र हळूहळू स्कोअरकार्डावर येतं.)

शेफलर चौथा आला. आणि मॅकिलरॉयच्या चार दिवसांच्या कार्डावर डबल बोगी होत्या चार. एवढ्या घेऊन मास्टर्स जिंकलेला त्याच्याआधी कुणी नव्हता.