बर्फ पडतो तो दिवस नव्हे, दुसरी सकाळ

(नाशिकमधील ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं टोरांटो-शिकागोकडे आहेत आणि डिसेंबरात तिकडे जायचा बेत आहे. थंडीचं आपल्याला कौतुक नाही. निफाडचा पारा उतरला की द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटतात, आपण कानटोपी चढवतो. पण कितीही गारठा पडला तरी आपला रस्ता जागेवर असतो. तिकडे तो पायाखालून निसटतो.

सगळे भितात ते बर्फवृष्टीला. खरं तर ताज्या भुसभुशीत बर्फात पाय रुततो, पकड मिळते. घात होतो तो नंतर. दुपारी ऊन पडतं, बर्फ वितळून पाणी फूटपाथवर पसरतं आणि रात्री त्याचीच काच होते. ही काच पारदर्शक, खालचं डांबर जसंच्या तसं दिसतं, म्हणून तिला ‘ब्लॅक आइस’ म्हणतात. रस्ता नुसता ओला वाटतो. पुलांवर ती आधी धरते, कारण तिथं वरून-खालून दोन्हीकडून गार वारा लागतो. आणखी एक गंमत: उणे वीसपेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ जास्त निसरडा असतो. त्यामुळे ‘आज जरा बरं ऊन आहे, फिरून येतो’ हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. मीठ टाकलंय म्हणूनही निर्धास्त होऊ नका. उणे दहाच्या खाली साध्या मिठाचा फारसा उपयोग होत नाही.

चालायचं कसं? रामकुंडाच्या शेवाळलेल्या पायरीवर उतरता तसं. पावलं छोटी, तळवा सपाट, अंगाचा भार पुढच्या पायावर. हात खिशात नकोत, हातमोजे घाला. गाडीतून उतरताना एक पाय बाहेर टाकून उठू नका. दोन्ही पाय जमिनीवर टेकवा, दाराला धरा, मग उभे राहा.

बुटांना गुळगुळीत तळ नको. मऊ रबराचा, खोल खाचांचा हवा. वरून चढवायचे खिळ्यांचे पट्टेही मिळतात, पण मॉलच्या फरशीवर तेच घसरवतात. दारातच काढा. आत शिरताच चष्म्यावर वाफ धरते आणि पायपुसण्याजवळ बुटांचं पाणी साचलेलं असतं. तिथं क्षणभर थांबा, चष्मा पुसा.

तोल गेलाच तर हात टेकवायचा मोह होतो आणि मनगट मोडतं. जमलं तर गुडघे वाकवून कुशीवर, मांसल भागावर पडा, हनुवटी छातीशी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला, तर बरं वाटत असलं तरी लगेच दवाखाना गाठा.

काठीचं काय, असं मघाशी एका काकांनी विचारलं. काठीचं रबरी टोक बर्फावर सटकतं. तिला बसवायचं दातेरी टोक मिळतं, ते घ्या. घरात शिरताना मात्र ते आठवणीनं वर दुमडा, नाहीतर सूनबाईंच्या लाकडी जमिनीला भोकं पडतील.