गिझाची नवी दालनं: पैसा कुणाचा, हात कुणाचे

(दृश्य: ग्रँड इजिप्शियन म्युझियमचा दर्शनी भाग, मागे पिरॅमिड)

4 नोव्हेंबर 2025. प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याची कबर सापडली, त्याला या दिवशी 103 वर्षं पूर्ण झाली. त्याच दिवशी गिझाचं ग्रँड इजिप्शियन म्युझियम सर्वांसाठी खुलं झालं. कबरीतल्या पाच हजारांहून अधिक वस्तू इथे पहिल्यांदाच एका छताखाली आल्या आहेत. पायाभरणी 2002 मधली. उद्घाटनापर्यंत 23 वर्षं गेली, आणि या काळात बऱ्याच देशांनी यात पैसा, माणसं आणि कसब ओतलं.

पैशात सर्वांत मोठा वाटा जपानचा. मुंबईच्या मेट्रो 3 ला आणि अटल सेतूला ज्या ‘जायका’ या जपानी सरकारी संस्थेने कर्ज दिलं, तिनेच या संग्रहालयाला 2006 मध्ये 34.8 अब्ज येन दिले. मग 2011 ची क्रांती झाली. पर्यटक यायचे थांबले, आणि ज्या पुरातत्त्व खात्याची भिस्त तिकिटांवर, त्याची तिजोरीच आटली. बेल्जियमची बेसिक्स आणि इजिप्तची ओरास्कॉम या कंपन्यांना मिळून बांधकामाचं मोठं कंत्राट 2012 मध्ये मिळालं, तोवर खर्चाचे जुने अंदाज निकालात निघाले होते. ऑक्टोबर 2016 मध्ये जायकाने आणखी 49.4 अब्ज येन मंजूर केले.

ही देणगी नव्हे, हे लक्षात घ्यायला हवं. व्याज सवलतीचं असलं तरी हे कर्ज आहे, आणि ते येनमध्ये फेडायचं आहे. दुसऱ्या करारानंतर पंधरा दिवसांच्या आत इजिप्तने आपला पाउंड बाजारभावावर सोडला. डॉलरला 8.8 पाउंड पडत होते, ते वर्ष सरता सरता 18 च्या आसपास गेले. कमाई पाउंडात आणि हप्ता येनमध्ये, हा भार इजिप्त अजून बरीच वर्षं वाहणार आहे.

(दृश्य: संवर्धन केंद्रातली लाकडाची प्रयोगशाळा)

पण आमच्या मते जपानची खरी मदत या खोलीत दिसते. संग्रहालयाची दालनं उभी राहण्याच्या कितीतरी आधी, 2010 मध्ये, हे संवर्धन केंद्र सुरू झालं. इजिप्शियन संवर्धकांचं जपानी तज्ज्ञांकडे प्रशिक्षण त्याही आधीपासून, 2008 पासून चाललं होतं. 2016 पासून दोन्ही देशांचे लोक एकाच टेबलावर बसून काम करू लागले: तुतनखामेनचे पलंग, रथ, कापडं, शिवाय भित्तिचित्रं.

तुतनखामेनचा सोन्याने मढवलेला लाकडी पलंग घ्या. वरून तो अखंड सोन्याचा वाटतो. प्रत्यक्षात आत लाकूड, त्यावर खडू आणि प्राणिज सरस यांचा पांढरा लेप, आणि त्यावर सोन्याचा पातळ पत्रा. हवा बदलली की लाकूड आकसतं किंवा फुगतं. लेपाला तेवढी लवचीकता नसते, म्हणून तो लाकडापासून सुटतो आणि मध्ये पोकळी राहते. अशी वस्तू उचलली की सोन्याची खपली अलगद खाली येते.

म्हणून हलवण्याआधी सुट्या जागांवर वाशी, म्हणजे जपानी हातकागद, चिकटवतात. तो कोझो या झुडपाच्या सालीपासून होतो; तंतू लांब, त्यामुळे कागद पारदर्शक वाटावा इतका पातळ करूनही फाटत नाही. आता प्रश्न गोंदाचा. लेपातला सरस पाण्यात विरघळतो, त्यामुळे पाण्यात कालवलेली खळ इथे घातक. त्याऐवजी क्लुसेलसारखं सेल्युलोजपासून केलेलं द्रव्य अल्कोहोलमध्ये विरघळवून वापरतात. पकड मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते. नंतर कागद काढताना सोनं सोबत येता कामा नये. मग वस्तूच्या आकाराचे फोमचे साचे कापायचे, आणि भार फक्त मजबूत जागांवर येईल अशी पेटी बांधायची. पेट्या आणि वाहतुकीसाठी निप्पॉन एक्स्प्रेसची माणसं आली होती. मे 2017 मध्ये असा एक पलंग आणि एक रथ कैरोच्या तहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयातून इथे सुखरूप पोहोचले.

जुन्या दुरुस्त्याही कमी त्रासाच्या नाहीत. 1920 च्या दशकात कबर शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या चमूने मोडकळीला आलेल्या वस्तूंवर पॅराफिनचं वितळलेलं मेण ओतलं. ते केलं नसतं तर मण्यांच्या वहाणा कबरीतच विखुरल्या असत्या, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण जुनं मेण काळपट पडतं आणि धूळ धरतं. ते काढायचं तर एकेक मणी जागेवर राखत.

जर्मनीचा हातभार वेगळ्या जागी आहे. तुतनखामेनच्या दालनांची मांडणी श्टुटगार्टच्या अटेलिये ब्रुकनरची. सोन्याच्या मुखवट्याची दाढी 2015 मध्ये जर्मन आणि इजिप्शियन तज्ज्ञांच्या चमूने मधमाश्यांच्या मेणाने पुन्हा बसवली.

(दृश्य: खुफूच्या नौकांची इमारत)

खुफू राजाची पहिली नौका ऑगस्ट 2021 मध्ये, न सुटी करता, लोखंडी पिंजऱ्यात घालून, बेल्जियमहून आणलेल्या दूरनियंत्रित वाहनावरून पिरॅमिडजवळून इथे आणली. लांबी 42 मीटरच्या वर, वजन सुमारे 20 टन.

दुसरीची गोष्ट अवघड आहे. वासेदा विद्यापीठाचे साकुजी योशिमुरा यांनी 1980 च्या दशकापासून तिचा पिच्छा पुरवला, आणि खर्चाला धावून आली निटोरी ही जपानची फर्निचर विकणारी कंपनी. पिरॅमिडजवळच्या ज्या खड्ड्यात ती पुरलेली होती, तिथलं लाकूड ओल आणि किड्यांनी पोखरलेलं होतं. ते एकदम कोरड्या हवेत आणलं तर पेशी आक्रसून तडे जातात, म्हणून आर्द्रता टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. सुमारे 1,650 तुकडे एकेक करून बाहेर आले. प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येकाची त्रिमितीय नोंद, मग नॅनोसेल्युलोज आणि क्लुसेलने बळकटी. जोडणी डिसेंबर 2025 मध्ये संग्रहालयातच, प्रेक्षकांसमोर सुरू झाली. पुरी व्हायला चारेक वर्षं लागतील असा अंदाज आहे, आणि तोवर इथे येणाऱ्याला क्रेनने फळ्या सांगाड्यावर चढवताना पाहता येईल.