बोलत बोलत लिहिणाऱ्या बाई

नमस्कार श्रोतेहो.

एका वर्गात शिकलेली माणसं तीसेक वर्षांनी पुन्हा जमली की काय होतं, ते तुम्ही पाहिलं असेल. पहिली पाच मिनिटं ओळख पटवण्यात जातात. तू तोच का, खिडकीशी बसणारा? पुढची पाच मिनिटं कोण कुठे राहतं, मुलं काय करतात, यात जातात. मग कोणीतरी घसा खाकरतो, मान जराशी तिरकी करतो आणि एकच वाक्य म्हणतो. सगळे एकदम ओरडतात, "सर!" त्यानंतर दोन तास दुसरा विषय निघत नाही.

जाता जाता एक सांगते. अशा जमण्यात कोण किती कमावतो, हा प्रश्न कोणी काढूच नये, असं माझं ठाम मत आहे. वर्गात आपण हजेरीच्या क्रमांकानं ओळखले जायचो. त्या दिवसापुरतं तसंच राहावं. पगाराची गोष्ट निघाली की दोघं-तिघं गप्प होतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

असो. आज बोलायचं आहे ते शाळेतल्या शिक्षकांच्या आठवणींबद्दल.

आपल्याला नेमकं काय आठवतं, हे कधी तपासून पाहिलंत? धडे फारसे आठवत नाहीत. आठवते ती खडू धरण्याची लकब. व्हरांड्यातून येणारा पायांचा आवाज, जो ऐकून अख्खा वर्ग गप्प व्हायचा. वहीच्या शेवटी केलेली लपेटदार सही. मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात की चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर वर्षांपेक्षा जास्त वर येतात. शाळेची शेवटची वर्षं त्यातच पडतात. याहून जास्त त्या शास्त्रात मी शिरत नाही, कारण मला सांगायचं आहे ते वेगळंच आहे.

मला सांगायचं आहे ते असं: विद्यार्थ्याला जे जन्मभर आठवतं, ते शिक्षकाला बहुतेक वेळा ठाऊकच नसतं. पुन्हा सांगते. आपल्याला जे जन्मभर आठवतं, ते त्यांना ठाऊकच नसतं.

आल्बेर काम्यू हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. १९५७ साली साहित्याचं नोबेल मिळालेला लेखक. अल्जीरियात वाढलेला मुलगा. १९१४ साली, पहिल्या महायुद्धात वडील गेले, तेव्हा तो एक वर्षाचाही नव्हता. आईला नीट ऐकू येत नसे आणि ती लोकांकडे साफसफाईची कामं करायची. घरात शब्द चालायचा तो आजीचा, आणि आजीचं म्हणणं होतं की प्राथमिक शाळा झाली, आता पोरानं चार पैसे मिळवावेत. त्याच्या शिक्षकांनी, लुई जेर्मां यांनी, आजीची समजूत घातली, मुलाला वेगळा वेळ देऊन शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी तयार केलं आणि त्याची पुढची शाळा सुरू झाली. नोबेल जाहीर झालं, गलबला थोडा निवला आणि १९ नोव्हेंबर १९५७ रोजी काम्यूनं या शिक्षकांना पत्र लिहिलं. बातमी कळल्यावर आईनंतर पहिली आठवण तुमची झाली, असं त्यात आहे.

हे पत्र बऱ्याच जणांना माहीत असतं. मला जास्त हलवून जातं ते जेर्मां यांचं पत्र, ३० एप्रिल १९५९ चं. पंचेचाळीस वर्षांच्या, नोबेल मिळवलेल्या माणसाला ते मायेनं 'बाळा' म्हणावं तसं संबोधतात. आणि लिहितात की तुझ्या घरची परिस्थिती मला तेव्हा कळलीच नव्हती. तू नेहमी नीटनेटका असायचास. तुझी आई शिष्यवृत्तीसाठी भेटायला आली, तेव्हा कुठे थोडा अंदाज आला. म्हणजे पाहा. ज्या शिक्षकानं एका मुलाचं आयुष्य वळवलं, त्याला तो मुलगा किती खोल पाण्यात होता, याची पुरती कल्पनाही नव्हती. या पत्राला वर्षही झालं नव्हतं आणि ४ जानेवारी १९६० रोजी काम्यू मोटार अपघातात गेला. पत्रं वेळेवर लिहिली गेली होती, हे किती बरं झालं.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामही आपल्या शिक्षकांची एक आठवण पुन्हा पुन्हा सांगत, अगदी राष्ट्रपती झाल्यावरसुद्धा. शिवसुब्रमण्य अय्यर यांनी फळ्यावर पक्षी काढून तो कसा उडतो ते समजावलं. मुलांना ते कळलं नाही, तेव्हा ते वर्ग घेऊन सरळ समुद्रकिनाऱ्यावर गेले आणि उडणारे पक्षीच दाखवले. एवढीच आठवण. एका दिवसाची.

आता माझ्या बाईंबद्दल सांगते. खरं तर आज मी इथे बसले आहे ती एवढ्यासाठीच.

मी सातवीत होते. उंच, म्हणून मागच्या बाकांवर. गणिताला ज्या बाई होत्या, त्यांचा फार दरारा होता. आणि मला फळ्यावरचं दिसत नव्हतं. दिसत नव्हतं, हे आज म्हणते. तेव्हा मला ते माहीतच नव्हतं. ज्यांची लांबची नजर कमी असते, त्यांच्या डोळ्याचा गोळा बहुधा थोडा लांबट झालेला असतो आणि लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर न पडता अलीकडेच पडते. हातातलं पुस्तक लख्ख दिसतं, समोरचा फळा धूसर. मोठ्या माणसाला हे लगेच जाणवतं, कारण त्यानं आधी नीट पाहिलेलं असतं. मुलाला वाटतं, जग असंच दिसतं. मलाही तसंच वाटे. फळा हा सगळ्यांनाच धुरकट दिसतो आणि बाकीची मुलं माझ्यापेक्षा हुशार असल्यानं त्यांना तो ओळखता येतो, अशी माझी समजूत होती.

मग मी काय करायचे? शेजारणीच्या वहीत पाहून उदाहरण उतरवून घ्यायचे आणि स्वतः सोडवायचे. ती फार भरभर लिहायची. तिचा १ आणि तिचा ९ अगदी जुळे भाऊ. तिचं तिला कळे, मला कळत नसे.

एके दिवशी बाईंनी भागाकार घातला. चारशे अठराला बावीसनं भागा. नि:शेष भाग जातो, उत्तर एकोणीस. सगळ्या वर्गाचं तेच आलं. माझ्या वहीत होतं चारशे अठ्ठ्याण्णव भागिले बावीस. भागाकार बावीस, बाकी चौदा.

वह्या तपासून आल्या. माझ्या त्या गणितावर बरोबरची खूण नव्हती आणि चुकीची फुलीही नव्हती. समासात, चारशे अठ्ठ्याण्णवच्या शेजारी, लाल पेन्सिलीचा एक ठिपका होता. फक्त ठिपका. मी तो बराच वेळ पाहत बसले. ठिपक्याचा अर्थ काय, हे विचारायची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "आजपासून सगळ्यांच्या जागा बदलायच्या." कारण सांगितलं नाही. मैत्रिणी तुटल्या, कुरकुर झाली, बाकं सरकली. मी पुढून दुसऱ्या बाकावर आले. तिथूनही सगळं स्वच्छ दिसत होतं असं नाही. पण त्याच दिवसापासून आणखी एक गोष्ट सुरू झाली. बाई बोलत बोलत लिहू लागल्या. "चारशे छत्तीस. भागिले. एकवीस. आता खाली रेघ मारते. इथे कंस पूर्ण." फळ्याकडे तोंड, पाठ आमच्याकडे, आणि लिहिलेलं एकूण एक अक्षर मोठ्यानं. मला शेजारच्या वहीत पाहायची गरज उरली नाही. मी ऐकून लिहायचे.

पुढे काही आठवड्यांनी बाईंनी माझ्याकडे घरी द्यायला एक चिठ्ठी दिली. डोळे तपासले गेले, चष्मा आला. चष्मा लावून मी पहिल्यांदा फळ्याकडे पाहिलं, तेव्हा एक नवलच कळलं. फळ्यावर आदल्या तासाची पुसट अक्षरंसुद्धा असतात! गणिताच्या खाली इतिहास, इतिहासाच्या खाली व्याकरण. (फळा नेहमी वरून खाली, सरळ पट्ट्यांमध्ये पुसावा. गोल गोल फिरवून पुसला की खडू फक्त पसरतो, आणि मागे बसलेल्या मुलाला दोन तास एकात एक मिसळलेले दिसतात. ज्या वर्गांत अजून खडू-फळा आहे, तिथल्या शिक्षकांना माझी ही कळकळीची विनंती.)

मला दिसू लागलं, पण बाईंचं बोलणं थांबलं नाही. सातवी संपेपर्यंत बाई बोलत बोलतच लिहायच्या. वर्गाला ती त्यांची लकब वाटे. आमचा मॉनिटर मधल्या सुट्टीत त्यांची हुबेहूब नक्कल करायचा. "आता खाली रेघ मारते." सगळे हसायचे, मीही हसायचे. त्या बोलण्याचा आणि माझा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. कसं येणार? मला वाटलं, बाई नेहमीच अशा होत्या.

मध्ये चौतीस वर्षं गेली. आम्ही जमलो, शाळेच्याच एका वर्गात. बाई आल्या होत्या. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, पण ताठ. खुर्चीत बसून सगळ्यांचं ऐकत होत्या. मॉनिटरनं त्यांची परवानगी घेऊन त्यांचीच नक्कल केली. "भागिले. एकवीस. आता खाली रेघ मारते." हशा झाला, बाईसुद्धा हसल्या.

आमच्यातल्या एकीबरोबर तिची मोठी बहीण आली होती. ती आमच्या दोन वर्षं पुढे, तिलाही याच बाई गणिताला. ती म्हणाली, "छे, या आमच्या बाई नव्हेतच. आमच्या वेळी बाई फळ्याकडे वळल्या की एक शब्द बोलत नसत. नुसता खडूचा आवाज यायचा."

लगेच वाद सुरू झाला. आम्ही वीस जण म्हणतोय, बाई बोलत बोलत लिहायच्या. ती एकटी म्हणतेय, अजिबात नाही. माझी जुनी शेजारीण, १ आणि ९ सारखे काढणारी, जरा विचार करून म्हणाली, "अगं, आपल्याकडेही आधी नव्हत्या बोलत. त्या जागा बदलल्या ना, तेव्हापासून."

श्रोतेहो, त्या क्षणी माझे हात गार पडले. जागा बदलल्या तेव्हापासून. म्हणजे ठिपक्याच्या दुसऱ्या दिवसापासून. बाईंनी वहीतल्या एका चुकीच्या आकड्यावरून ओळखलं होतं की या मुलीला भागाकार येतो, फळा दिसत नाही. चारचौघांत मला उभं करून "तुला दिसत नाही का गं?" असं त्यांनी विचारलं नाही. मला एकटीला उचलून पुढे बसवलं नाही. सगळ्या वर्गाच्या जागा हलवल्या. मला ऐकू यावं म्हणून सगळ्या वर्गाला ऐकवलं. आणि वर्षभर मुलांकडून नक्कल करून घेतली.

मी बाईंजवळ जाऊन बसले. जागा बदलल्याचं आठवतं का, विचारलं. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "नाही गं. जागा मी पुष्कळदा बदलायचे." मग बोलत लिहिण्याबद्दल विचारलं. "ती सवय लागली कुठूनतरी," त्या म्हणाल्या, "मग सुटली नाही. निवृत्त होईपर्यंत तशीच लिहीत होते. बरं पडायचं. प्रत्येक वर्गात एखादं मूल असतंच ना."

त्यांना मी आठवत नव्हते. माझं नाव, माझा चेहरा, चिठ्ठी, काहीच नाही. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. शेजारणीचा १, शेजारणीचा ९, चारशे अठराचे झालेले चारशे अठ्ठ्याण्णव, आणि तो लाल ठिपका. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. माझं सांगून झालं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. मग विचारलं,

"बाकी किती आली होती तुझी?"

मी म्हटलं, "चौदा, बाई."

त्यांचे ओठ हलू लागले. बावीस गुणिले बावीस, चारशे चौऱ्याऐंशी. चारशे अठ्ठ्याण्णवातून वजा. सगळं हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहत म्हणाल्या,

"बरोबर आहे."

नमस्कार.